चित्रपटाचे वेड आणि दगडाखालची पेटी



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला फोनवर विषय विचारला, तेव्हा मी "लेटरबॉक्सिंग आणि चित्रपटाची आवड" असे सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता. मग ते जपून म्हणाले, "मास्तर, म्हणजे पोस्टखात्यावर बोलणार आहात का?" मी म्हटले, "पोस्टाचा संबंध आहे, पण शेवटी शेवटी." आपल्यापैकी जे चित्रपटाचे जाणकार आहेत त्यांची दुसरीच समजूत झाली असेल. रुंद पडद्यासाठी काढलेला चित्रपट जुन्या चौकोनी टेलिव्हिजनवर पुरा दाखवायचा झाला, तर वर आणि खाली काळ्या पट्ट्या सोडाव्या लागत. मधली चित्राची जागा पत्रपेटीच्या फटीसारखी दिसे, म्हणून त्यालाही लेटरबॉक्सिंगच म्हणतात. मला आज त्या पट्ट्यांविषयी बोलायचे नाही. मी बोलणार आहे ते खऱ्याखुऱ्या पेटीविषयी, म्हणजे माळरानावर दगडाखाली लपवलेल्या डब्याविषयी.

मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली आणि जन्मभर चित्रपट पाहिले. पहिल्या गोष्टीचे मला वेतन मिळाले आणि दुसऱ्या गोष्टीबद्दल घरी बोलणी मिळाली. पण म्हातारपणी एक प्रश्न मला छळू लागला. इतके पाहिले, त्याचे केले काय? पुस्तक वाचणारा निदान समासात खुणा करतो, गाणे ऐकणारा गुणगुणतो. आपण प्रेक्षक मात्र दिवा लागला की उठतो आणि घरी येतो. आता तर उठावेही लागत नाही. या प्रश्नाचे थोडेसे उत्तर मला एका परदेशी छंदात सापडले. ते आपल्यापुढे ठेवावे एवढाच माझा हेतू आहे.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन नावाची काउंटी आहे. तिच्या मध्यभागी डार्टमूर हे सुमारे साडेनऊशे चौरस किलोमीटरचे उंच माळरान पसरले आहे. ग्रॅनाइटचे उघडे सुळके, गवत, दलदल, धुके, आणि मोकळी चरणारी तट्टे. १९५१ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्याच्या उत्तर भागात क्रॅनमिअर पूल म्हणून एक जागा आहे. नावात तळे आहे, पण तळे केव्हाच आटले आणि आता तिथे नुसता दलदलीचा खोलगट भाग उरला आहे. तिथवर पोचणे मात्र फार कष्टाचे. चॅगफर्ड गावचा जेम्स पेरट हा वाटाड्या हौशी पाहुण्यांना तिकडे घेऊन जाई. १८५४ साली त्याने तिथे दगडांची एक रास रचली आणि तिच्यात काचेची बाटली ठेवली. एवढी पायपीट करून जो पोचेल त्याने आपले नावाचे कार्ड त्या बाटलीत टाकावे, अशी ती योजना होती.

पुढे लोक कार्डाबरोबर पत्रेही टाकू लागले. स्वतःचा पत्ता लिहिलेले पोस्टकार्ड आपण तिथे ठेवायचे, आणि नंतर येणाऱ्याने ते उचलून आपल्या गावच्या टपालात टाकायचे. पोस्टमन नाही, पोस्टमास्तर नाही, आणि टपाल पोचेल याची हमी कोणाची? तर अजून न आलेल्या एका अनोळखी माणसाची! लेटरबॉक्स हे नाव पडले ते यावरून. पुढे अशा पेट्या वाढल्या. १९३८ साली डक्स पूल येथे एक पेटी झाली, ती डार्टमूरवर आयुष्यभर लिहिणाऱ्या विल्यम क्रॉसिंग यांच्या स्मरणार्थ. आणि नंतरच्या काळात तर पेट्यांचे पीकच आले.

आता या छंदाची रीत सांगतो. एक घट्ट झाकणाचा डबा असतो. त्यात एक वही आणि एक रबरी शिक्का. डबा दगडाच्या कपारीत, वाटेवरून दिसणार नाही असा ठेवलेला. ठेवणारा माणूस फक्त सांकेतिक खुणा जाहीर करतो. अमुक सुळका होकायंत्रावर इतक्या अंशांवर दिसेल असे उभे राहा, तिथून इतकी पावले चाला, वगैरे. शोधणारा आपली वही, आपला शिक्का आणि शाईचा पॅड बरोबर घेऊन निघतो. पेटी सापडली की पेटीतला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला शिक्का पेटीतल्या वहीत उमटवायचा, दोन ओळी लिहायच्या, आणि डबा होता तसा परत ठेवायचा. बक्षीस नाही, टाळ्या नाहीत. माणसे खरे नावही लावत नाहीत, एखादे घेतलेले टोपणनाव वापरतात. आणि नियम कडक आहेत: पुरातन अवशेषांत पेटी ठेवायची नाही, कोणाला इजा होईल अशा जागी ठेवायची नाही, सिमेंट वापरायचे नाही. आणखी एक अलिखित नियम असा की जागा फोडायची नाही. तेव्हा माझ्या अनुभवातली पेटी नेमकी कोठे होती, हे आज आपण कितीही आग्रह केलात तरी मी सांगणार नाही.

१९९८ साली 'स्मिथसोनियन' मासिकात या छंदावर एक लेख आला आणि अमेरिकेत त्याची हौस पसरली. तिथल्या लोकांनी दोन गोष्टींची भर घातली. शिक्का दुकानातून करवून न आणता स्वतःच्या हाताने कोरायचा, आणि खुणा नुसत्या अंशांत न सांगता कोड्यात, गोष्टीत, पद्यात सांगायच्या. चित्रपट आणि टेलिव्हिजनच्या वेड्यांना दार उघडले ते इथे. एखाद्याने आपल्या आवडत्या मालिकेची पात्रे कोरून एका टेकडीवर एकेका पात्राची एकेक पेटी लपवली, आणि खुणा अशा लिहिल्या की ज्याने ती मालिका मन लावून पाहिली असेल त्यालाच त्या उलगडाव्यात.

हे कसे चालते त्याचा एक नमुना मी स्वतःच रचून आणला आहे. आर्थर कॉनन डॉयल यांची 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' ही शेरलॉक होम्सची कादंबरी १९०१-०२ साली क्रमशः प्रसिद्ध झाली. तिची भूमी हेच डार्टमूर. समजा, मी खूण अशी लिहिली: "फुटक्या दगडापाशी उभे राहा. सर चार्ल्स यांच्या प्रेतापासून कुत्र्याच्या पावलांचे ठसे जितके दूर होते, तितके उत्तरेला चाला." चित्रपट पाहिलेला माणूस म्हणेल, ठसे होते हे आठवते, पण किती दूर? मग तो पुन्हा चित्रपट लावील, नाहीतर कादंबरी उघडील. कादंबरीत ते अंतर सुमारे वीस यार्ड आहे. एका आकड्यासाठी माणूस ती गोष्ट दुसऱ्यांदा वाचतो, आणि या वेळी डोळे उघडे ठेवून वाचतो. माझ्या वर्गात तीस वर्षे ओरडून जे मला साधले नाही, ते ही एक खूण साधते.

या कादंबरीशी आपलेही एक नाते आहे. आपल्यापैकी ज्यांचे केस माझ्यासारखे पांढरे झाले आहेत त्यांनी १९६२ सालचा 'बीस साल बाद' पाहिला असेल. हेमंतकुमारांनी काढलेला, बिरेन नाग यांनी दिग्दर्शित केलेला, वहिदा रेहमान आणि विश्वजीत यांचा. घराण्यावरचा शाप, परत आलेला वारस, रात्रीची दलदल आणि लताबाईंचा तो अंगावर काटा आणणारा स्वर. त्या कथेचा धागा डार्टमूरच्या याच कादंबरीतून आला आहे. म्हणजे इंग्लंडचे ते माळरान आपल्या गावच्या तंबूत, वाड्याचा आणि बंगाली धुक्याचा वेष घेऊन, केव्हाच येऊन गेले होते. आपल्याला त्याचा पत्ता नव्हता इतकेच.

आणि गंमत अशी की, ज्या चित्रपटांनी डार्टमूर जगाच्या मनात भरवले, त्यांतल्या काहींनी डार्टमूर पाहिलेलेच नाही. बेसिल रॅथबोन प्रथमच होम्स झाला तो १९३९ सालचा चित्रपट घ्या. त्यातले माळरान हॉलिवूडच्या स्टुडिओत छपराखाली उभारलेले होते. उलट स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी २०११ सालच्या 'वॉर हॉर्स'साठी खऱ्या डार्टमूरवर चित्रण केले, आणि २०१२ साली बी.बी.सी.च्या 'शेरलॉक' मालिकेतला कुत्र्याचा भाग आला तेव्हा त्यातही तिथला हाउंड टॉर हा सुळका दिसला. प्रेक्षकाला मात्र खरे आणि खोटे माळरान दोन्ही सारखेच प्रिय. हा फरक कळायला पायच लागतात.

माझे पाय तिथे लागले ते २०१९ सालच्या मे महिन्यात. माझी पुतणी त्या भागात नोकरीला आहे. एका रविवारी ती म्हणाली, "काका, तुम्हाला एक पेटी शोधायला नेते. पण खुणा तुम्हीच लावायच्या हं." मी म्हटले, "अगं, मला चष्मा सापडत नाही, पेटी काय सापडणार!" तरी गेलो. दोन सुळके, होकायंत्र आणि पंचेचाळीस पावले, एवढ्या भांडवलावर दीड तास त्या गवतात मी वाकलो, उठलो, घसरलो. शेवटी एका कपारीतला दगड थोडा जास्तच नीट बसवलेला दिसला. तो बाजूला केला, तर डबा!

शिक्का हाताने कोरलेला होता. त्यावर नांगराला जुंपलेला एक घोडा. 'वॉर हॉर्स' पाहिलेल्याला ते लगेच कळावे. दगडाळ शेत, पाऊस, आणि नांगर ओढण्यासाठी न जन्मलेला तो उमदा घोडा. चित्रपटाचे नाव कोठेही लिहिलेले नव्हते. मी वही चाळली. पुष्कळ शिक्के, पुष्कळ तारखा. एका पानावर कोण्या वृद्धाने थरथरत्या अक्षरांत लिहिले होते की, आपण लहानपणी वडिलांबरोबर घोड्यांच्या नांगरामागून चाललो आहोत, चित्रपट पाहून घरी बोलायला कोणी नव्हते, म्हणून नातवाला घेऊन इथवर आलो. खाली नातवाचा अंगठा शाईत बुडवून उमटवलेला. माझ्याजवळ शिक्का नव्हता. मीही तेच केले. त्या अनोळखी माणसाच्या नातवाच्या अंगठ्याखाली माझा अंगठा आजही तिथे असेल, नाहीतर पावसात विरघळला असेल. पण घरी बोलायला कोणी नव्हते, हे वाक्य मला तिथून सोबत घेऊन यावे लागले.

मंडळी, आता या चित्राची दुसरी बाजू पाहा. चित्रपटावरचे प्रेम जागेला नेहमीच मानवते असे नाही. वेल्समध्ये पेंब्रोकशायरच्या किनाऱ्यावर फ्रेशवॉटर वेस्ट नावाची पुळण आहे. हॅरी पॉटरच्या २०१० सालच्या चित्रपटात डॉबी नावाचे एक गुलाम पात्र तिथे मरते. मोजा मिळाल्यामुळे ते गुलामीतून सुटलेले असते. झाले! प्रेक्षकांनी त्या वाळूत त्याची समाधी केली, आणि मोजे, रंगवलेले दगड, नाना वस्तू वाहू लागले. शेवटी २०२२ साली तिथल्या नॅशनल ट्रस्टला विनंती करावी लागली की समाधी राहू द्या, पण वस्तू ठेवू नका, त्या समुद्रात जातात आणि जीवांच्या पोटात जातात. थायलंडमधल्या माया बे या खाडीची गत तर याहून वाईट झाली. २००० सालच्या 'द बीच' या चित्रपटाने ती प्रसिद्ध झाली, दिवसाला पाच-पाच हजार माणसे येऊ लागली, प्रवाळ मेले, आणि २०१८ साली सरकारला ती बंद करावी लागली. ती पुन्हा उघडली २०२२ साली, मर्यादा घालून.

हे सारे लोक दुष्ट होते काय? मुळीच नाही. ते आपल्यासारखेच प्रेक्षक होते. त्यांचे प्रेम खरे होते, पण त्याला दाखवून घ्यायची घाई होती. मी इथे आलो होतो, हे त्यांना जागेवर लिहायचे होते. लेटरबॉक्सिंगमध्येही माणूस मी आलो होतो हेच लिहितो. पण तो ते वहीत लिहितो, वही डब्यात ठेवतो, आणि डबा दगडाखाली. दगड जसाच्या तसा दिसतो. पुढचा वाटसरू शेजारून निघून जातो, त्याला काही कळत नाही. प्रेम करावे आणि जागेवर ओरखडा उठू नये, हे जमवण्याची युक्ती दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एका वाटाड्याने काढून ठेवली आहे.

परत आल्यावर मी खोडरबर आणि धारदार कटर घेऊन बसलो. चित्रकलेचा मास्तर, तेव्हा मला वाटले हे आपल्या डाव्या हातचे काम. पहिला शिक्का कोरला, कागदावर उमटवला, आणि अक्षरे उलटी! शिक्क्यावर सारे आरशातल्यासारखे कोरावे लागते, हे चाळीस वर्षे मुलांना शिकवलेला माणूस स्वतः विसरला. पण त्या कामाने एक गोष्ट मला नव्याने शिकवली. शिक्क्यात जे आपण कापून टाकतो ते पांढरे राहते, जे ठेवतो ते काळे उमटते. उजेड हवा असेल तर रबर काढावे लागते. मला 'कागज के फूल'मधला तो प्रकाशाचा झोत कोरायचा होता. १९५९ सालचा गुरुदत्त यांचा चित्रपट, भारतातला पहिला सिनेमास्कोप. छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी आरशांवरून सूर्यप्रकाश आत घेऊन स्टुडिओत तो झोत पाडला होता. तो चित्रपट मी आठ-दहा वेळा पाहिला असेन. पण झोत नेमका कोणत्या कोनातून येतो, तिचा चेहरा कोठे संपतो आणि अंधार कोठे सुरू होतो, हे मला कटर हातात घेईपर्यंत ठाऊक नव्हते. पाहिलेले खरोखर पाहिले की नाही याची परीक्षा हात घेतो.

आता आपण म्हणाल, मास्तर, हे डार्टमूरवर ठीक, आपल्याकडे कसे व्हायचे? अडचण खरी आहे. आपल्या स्थानकांवर अष्टौप्रहर घोषणा चालते की बेवारस वस्तूला हात लावू नका. अशा देशात टेकडीवर बंद डबा लपवणे म्हणजे पोलिसांना निमंत्रण, आणि त्यांचे काही चूकही नाही. गडकिल्ल्यांवर तर हे करूच नये, तो आपला वारसा आहे आणि त्यातले बरेच गड कायद्याने संरक्षित आहेत. पण या छंदाला दुसऱ्याही वाटा आहेत. परवानगी घेऊन ग्रंथालयाच्या कपाटात पेटी ठेवतात. आणि ज्यांना चालवत नाही त्यांनी टपालाची वाट काढली आहे. एक वही आणि एकेकाने कोरलेला शिक्का पाकिटात घालून एकाकडून दुसऱ्याकडे पाठवायचा. चित्रपटांच्या आणि मालिकांच्या अशा टपाली फेऱ्या परदेशात पुष्कळ चालतात. चिटणीससाहेब, पोस्टखाते आले ते असे!

२०२१ साली आम्ही सहा जुन्या प्रेक्षकांनी अशी फेरी सुरू केली. त्या साथीच्या दिवसांत आम्ही एकमेकांना भेटत नव्हतो आणि चित्रपटगृहांना कुलपे होती. नियम एकच: चित्रपटाचे नाव लिहायचे नाही, त्यातली एक वस्तू कोरायची. एकाने एका लहान मुलाच्या ओल्या पावलांचे ठसे कोरले, आणि 'श्यामची आई' सगळ्यांनी ओळखली. माझा झोत मात्र दोघांना विजेचा खांब वाटला. वही एकदा पाच आठवडे वाटेतच हरवली, आम्ही तिचे सुतक धरले, आणि ती आपली आपण येऊन पोचली.

आमच्यातले सर्वांत वयस्क गृहस्थ एकटे राहत. मुले परदेशी, पत्नी गेलेली, टेलिव्हिजन दिवसभर चालू. ते फोनवर म्हणाले होते, "मास्तर, पडद्यावर रात्रंदिवस माणसे बोलतात, पण माझ्याशी कोणी बोलत नाही. ही वही आली की वाटते, कोणी माझ्याशी बोलले." त्यांची पाळी शेवटची होती. वही त्यांच्याकडे पोचली, त्यांनी ती पाहिली, शिक्का कोरायला घेतला, आणि तो पुरा होण्याआधीच ते गेले. शेजाऱ्यांनी वही मला परत पाठवली. तिच्यात एक अर्धा कोरलेला रबराचा तुकडा होता. एक वर्तुळ आणि त्यातून निघालेल्या दोन रेषा. चाक असेल, चंद्र असेल, फिरते रीळ असेल. आम्ही पाचही जणांनी तर्क केले, कोणाचाही जमला नाही. तो तुकडा आम्ही होता तसा त्यांच्या पानावर उमटवला आहे, आणि वही पुन्हा फिरती ठेवली आहे. या गावातले ग्रंथपाल इथे बसले आहेत. त्यांची परवानगी मिळाली तर उद्यापासून ती इथल्या एका कपाटात राहील. कोणत्या, ते सांगत नाही. खूण फळ्यावर लावीन.

कोणी म्हणेल, हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. असेल. पण चित्रपट पाहणे तरी कोणते राजकारण होते? आपण करमणूक म्हणून पाहिले, ते आपल्यात रुजले, आणि आपण ते घेऊन गप्प बसलो. आज एका घरात चार माणसे चार पडद्यांवर चार वेगळ्या गोष्टी पाहतात आणि जेवताना एकमेकांशी बोलायला विषय नसतो. मी पडदे बंद करा असे सांगायला उभा नाही, मी स्वतः ते करणार नाही. मी इतकेच म्हणतो की, जे आवडले त्याचे हाताने काहीतरी करावे, त्यासाठी चार पावले चालावे, आणि आपल्यामागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी ते नाव न लावता ठेवून द्यावे. तो येईल की नाही याची हमी नाही. पण १८५४ साली ती बाटली ठेवणाऱ्याकडे तरी कोठे होती?